सरोवराकाठचं इस्पितळ

हंबीरराव रेडेकर फौजेत वीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झाले आणि कोल्हापूरजवळ कळंब्याला घर बांधून राहिले. पण त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. दारात चार म्हशी बांधल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून ते रतीब घालायला जात. मिलिटरीचा ड्रायव्हर आणि फिरतोय सायकलवर, अशी गल्लीत थट्टा चालायची. कुणी तोंडावर विचारलंच तर ते म्हणत, लई चालवली, आता कंटाळा आला. एवढ्यावर विषय मिटायचा.

त्यांची एकुलती एक लेक अनुजा त्यांना आबा म्हणायची. तिनंही हे उत्तर लहानपणापासून ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. ती सोळा वर्षांची असताना, दहावीच्या सुट्टीत, एका भर दुपारी तिच्या आईच्या पोटात कळ उठली. बाळाबाई सोशीक बाई, पण त्या दिवशी जमिनीवर लोळायला लागल्या. शेजारच्या बाळासो चौगुल्यांची जीप दारात उभी होती. बाळासो शेतावर गेले होते. त्यांच्या बायकोनं पळत येऊन किल्ली अनुजाच्या हातात दिली आणि अनुजानं ती आबांच्या हातात. आबा जीपमध्ये चढले. किल्ली लावली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. अनुजा आईला सावरत बाहेर आली तेव्हा तिला दिसलं, की गाडी चालूच झालेली नाही आणि आबा आरशातून मागं बघत बसलेत. मग ते खाली उतरले आणि उन्हात मोठ्या रस्त्याकडं पळत सुटले. रिक्षा घेऊन परत यायला त्यांना पाऊण तास लागला.

मूतखडा होता. बाळाबाई बऱ्या झाल्या. पण अनुजा आबांशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी गोठ्यात म्हशींच्या अंगावर पाणी मारता मारता आबांनी आपणहून तोंड उघडलं. तिच्याकडं पाठ करूनच ते बोलत होते.

अनुजा आठ वर्षांची होती तेव्हा ते शांतिसेनेबरोबर काँगोला गेले होते. तिथं पूर्वेला एका मोठ्या सरोवराकाठी आपल्या फौजेचा तळ होता आणि तळाला लागून फौजेचंच इस्पितळ. आबांकडं पाण्याचा टँकर. ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचा रस्ता, चढ-उताराचा. टँकर सावकाश चढू लागला की वस्तीतली पोरं डबे घेऊन मागं धावत, नळाच्या तोटीला लोंबकळत. आबा उतरून त्यांना हाकलत, कधी डबे भरूनही देत. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं, आरशात बघितलं आणि गाडी काढली. एक पोरगी खाली वाकलेली होती. सांडलेलं पाणी डब्यात गोळा करत होती. मागच्या चाकाखाली आली.

आबांनीच तिला उचलून इस्पितळात नेलं. चौकशी झाली, त्यांची चूक नाही असं ठरलं. त्या कागदावर पोरीचं नाव नव्हतं. 'स्थानिक मुलगी, वय अंदाजे आठ' एवढंच. ते रोज संध्याकाळी इस्पितळाच्या तंबूबाहेर जाऊन उभे राहत. आत सोडत नसत. सहाव्या दिवशी त्यांची दुसऱ्या तळावर बदली झाली. हेलिकॉप्टरमध्ये बसताना तिथल्या एका ओळखीच्या शिपायानं त्यांना सांगितलं, ऑपरेशन झालं, पोरगी बरी आहे, पाय तेवढा गेला.

"तुझ्याच वयाची हाय ती," आबा म्हणाले. "आता सोळाची असंल. पाय न्हाई, पर असंल."

अनुजाच्या वाढदिवसाला आबा का गप्प होतात, हे तिला त्या दिवशी कळलं. सकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणायचे, आणि एक वर्स झालं. तिला वाटायचं, आपल्यालाच म्हणतात.

पुढं दोन वर्षं हा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पण अनुजाच्या डोक्यातून तो गेला नाही. बारावीला तिला चांगले मार्क पडले आणि कोल्हापुरातच आयुर्वेदाच्या कॉलेजात जागा मिळत होती. घरातून कॉलेज, कॉलेजातून घर, पाच-सहा वर्षांत दारावर डॉक्टरची पाटी. बाळाबाईंनी आजऱ्याला माहेरी कळवूनसुद्धा टाकलं. त्याच आठवड्यात अनुजा गुपचूप नागाप्पा कित्तुरे सुभेदारांकडं गेली. सुभेदार निवृत्त होऊन भरतीला जाणाऱ्या पोरांना तयार करत असत; कोणत्या शाखेत काय काम, कुठली बदली, हे त्यांना पाठ होतं. तिनं सरळ विचारलं, फौजेत जाऊन परदेशी जायचं असेल तर बाईमाणसानं कुठली शाखा धरावी?

सुभेदारांनी तिला पदवी घेऊन अधिकारी व्हायला सांगितलं. सिग्नल आहे, पुरवठा आहे, शस्त्रभांडार आहे. मान मोठा, वाट सरळ. पण यातल्या कशात बाहेरचा देश मिळेलच असं ते सांगू शकत नव्हते. मग तिनं इस्पितळाचं विचारलं. शांतिसेनेचं इस्पितळ असतं तिथं नर्स कोण असतात? सुभेदारांनी चष्मा काढला.

"आपल्याच. मिलिटरी नर्सिंगच्या अधिकारी. बारावीवर परीक्षा, चार वर्षं शिक्षण, मग लेफ्टनंट. पण बाळ, हजारात दहाजणी जातात बाहेर. बाकीच्या जोधपूर, पठाणकोट. उद्या न्हाई मिळालं तर काय करशील? अख्खी नोकरी रुग्णाच्या उशाशी काढाय लागंल. ते काम आवडत असलं तरच जा."

अनुजाला ते काम आवडतं की नाही, हे तिला तेव्हा ठाऊकच नव्हतं. तिनं परीक्षा दिली.

निकाल लागला त्या दिवशी बाळाबाईंनी चूल पेटवली नाही. आबांनी लेकीला अंगणात बोलावून विचारलं, हातातली डॉक्टरकी सोडून हे कशाला? ती म्हणाली, तिला बाहेरचा देश बघायचाय.

"कुठला?"

"मिळंल तो."

आबांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. ते तिला नको म्हणाले असते तर ती कदाचित थांबली असती. पण ते उठून म्हशींना वैरण टाकायला गेले. त्यांना कळलंय, हे अनुजाला कळलं.

कोलकात्याला चार वर्षं गेली. कोल्हापूरच्या पोरींसारखं मी येतो, मी जातो म्हणणारी अनुजा तिथं हिंदी-इंग्रजीत बोलायला शिकली; घरच्या फोनवर मात्र येतो-जातो तसंच राहिलं. लेफ्टनंट झाल्यावर जोधपूर. मग कोरोनाची दोन वर्षं, ज्यात तिनं इतकी माणसं जाताना बघितली, की नंतर कधी कुणाला आकडा सांगितला नाही. मग काश्मीर. शांतिसेनेसाठी नावं मागवणारं पत्र आलं की ती पहिल्या दिवशी अर्ज भरायची. पहिल्यांदा नोकरीची वर्षं कमी पडली. दुसऱ्यांदा यादीत नाव आलं आणि ऐनवेळी तुकडीच बदलली. मधल्या काळात चंदगडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा प्राध्यापक, माणसं चांगली. त्यांची एकच अट होती, लग्नानंतर परदेशाचं नाव काढायचं नाही. अनुजानं नकार दिला. बाळाबाई वर्षभर फोनवर नीट बोलल्या नाहीत.

तिसऱ्यांदा हुकूम आला. देशाचं नाव वाचून तिनं कागद दोनदा तपासला आणि घरी फोन लावला. आईनं फोन आबांकडं दिला. तिनं देशाचं नाव सांगितलं.

"थंडी असती तिथं," आबा म्हणाले. "स्वेटर ने."

सरोवर तसंच होतं, आबांनी सांगितलेलं. तंबू जाऊन पक्की इमारत झाली होती. कॅप्टन अनुजा रेडेकर हजर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या नोंदींच्या खोलीत गेली. अठरा वर्षांपूर्वीची एकही वही तिथं नव्हती. किती तुकड्या आल्या नि गेल्या, जुने कागद कुठं गेले, कुणाला सांगता येईना. तळाबाहेर एकटीनं जायला बंदी होती. मग दिवस कामात गेले. गोळी लागलेले, तापानं फणफणलेले, डोंगरातून चार माणसांनी खाटेवर आणलेल्या अडलेल्या बायका. कधी कधी आठवडाभर तिला त्या पोरीची आठवणच होत नसे आणि झाली की शरम वाटे.

सातव्या महिन्यात वरच्या वस्तीत मोफत तपासणीचं शिबिर निघालं. त्याच काळ्या चढावर. तिच्याबरोबर बेनेडिक्ट नावाचा दुभाष्या होता, पिकल्या केसांचा, जन्मानं तिथलाच. तिनं त्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. फक्त ड्रायव्हर कोण, ते सांगितलं नाही. बेनेडिक्टनं मान हलवली आणि बाजारातल्या बायकांकडं गेला. तासाभरानं तो एका पन्नाशीच्या बाईला घेऊन आला. कोळशानं काळे झालेले हात, डोक्याला फडकं. बाजारात तिला सगळे मामा कावीरा म्हणत. त्यांच्याकडं मूल झालं की आईला मुलाच्या नावानं हाक मारतात, बेनेडिक्टनं समजावलं. मामा म्हणजे आई. कावीराची आई.

अनुजानं विचारलं, "कावीरा कुठं आहे?"

बाईनं बेनेडिक्टला उत्तर दिलं. मग त्यानं सांगितलं. पोरगी इस्पितळात तीन दिवस होती. चौथ्या दिवशी पहाटे गेली. पलीकडच्या उतारावर पुरलीय.

समोर रांग उभी होती, पोरं रडत होती, डॉक्टर कुणाला तरी हाका मारत होते. अनुजाच्या हातात रक्तदाब मोजायचा पट्टा तसाच राहिला. ती बाई बोलतच होती आणि बेनेडिक्ट हळूहळू सांगत होता. एक शिपाई रोज संध्याकाळी तंबूबाहेर येऊन उभा राहायचा, टोपी हातात घेऊन. ही आत लेकीपाशी बसलेली असायची, तिला तो कापडाच्या फटीतून दिसायचा. पोरीला न्यायला ती दुसऱ्या दारानं गेली, त्याला ते कळलंच नसावं. मग बाईनं विचारलं, तो माणूस आहे का अजून?

"आहे," अनुजा म्हणाली. "मी त्याची मुलगी."

बेनेडिक्टनं तिच्याकडं बघितलं, मग ते भाषांतर केलं. मामा कावीरानं अनुजाचा चेहरा न्याहाळला, गणवेश न्याहाळला, पायातले बूटही. रागावली असेल तर तिनं दाखवलं नाही आणि माफ केलं असेल तर तेही म्हणाली नाही. तिनं बाही वर सारून हात पुढं केला. रांगेत नंबर तिचाच होता. अनुजानं पट्टा गुंडाळला, रक्तदाब घेतला. फार वाढलेला होता. गोळ्या कशा घ्यायच्या ते तिनं तीनदा समजावून सांगितलं. उठताना बाई एवढंच बोलली, "चौकशीचा कागद मला दाखवला होता, त्यावर तिचं नाव लिहिलं नव्हतं. त्याला तिचं नाव सांग."

श्रावण संपता संपता, तिथली मुदत पुरी करून, अनुजा दोन महिन्यांच्या रजेवर कळंब्याला परतली. आबा सत्तावन्नचे झाले होते, पण सायकल चालूच होती. त्यांनी तिला तिथलं हवापाणी विचारलं, जेवण विचारलं. जे विचारायचं ते विचारलं नाही. पहिल्याच संध्याकाळी, आबा रतिबाला गेलेले असताना, अनुजानं आईला सगळं सांगितलं. बाळाबाई पदरानं तोंड झाकून बसल्या. मग त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

"त्येंला सांगू नकोस. लंगडी का असंना, हाय म्हणून माणूस जगलाय. तू एक शब्द बोललीस तर मरंल त्यो."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"गावली न्हाई म्हण. एवढा मोठा देश. कोण म्हणंल खोटं बोलतीस म्हणून?"

सोपं होतं ते. दहा दिवस अनुजा रोज तेच ठरवून उठायची. इस्पितळात तिनं मरणाची बातमी कितीतरी घरांना दिली होती आणि खोटा धीर दिला की माणूस पुढं, आधीच का नाही सांगितलं, असं विचारतो, तेही ऐकलं होतं. पण ती परकी माणसं होती. इथं जेवताना समोर आबा बसायचे, भाकरी कुस्करत, तिच्याकडं न बघता वाट बघत.

अकराव्या दिवशी सकाळी आबा तिला कळंब्याच्या तलावाकडं फिरायला घेऊन गेले. बांधावर बसल्यावर त्यांनी चपला काढून ठेवल्या.

"अनू, दहा दिवस झालं, तू माझ्याकडं बघून बोलत न्हाईस. गेली न्हवं ती?"

अनुजा म्हणाली, "व्हय, आबा."

"कधी?"

तिला वाटलं, अजूनही वर्ष लांबवता येईल. दोन वर्षांपूर्वी म्हणता येईल, आजारपण म्हणता येईल. पण तिच्या तोंडून तसं काही निघालं नाही. तिनं तीन दिवसांचं सांगितलं. आई बाजारात भेटली, ते सांगितलं. आबा बोटांवर मोजायला लागले. तीन, चार, पाच, सहा.

"म्हंजे मी भाईर हुबा हुतो आणि आत कोनच न्हवतं," ते म्हणाले. "दोन दिवस."

"त्या शिपायानं तुमच्या भल्यासाठी सांगितलं असंल."

"असंल." ते पाण्याकडं बघत राहिले. "अठरा वर्सं वाढवली की म्या तिला. शाळंत घातली. लाकडी पाय बसवला. गेल्या साली लगीन पन लावलं. तुझं हुईना, तर म्हटलं तिचं तरी." अनुजानं आपल्या बापाला कधी रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशीही तिनं नीट बघितलं नाही, मान दुसरीकडं वळवून त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली.

मग ती म्हणाली, "तिच्या आईनं निरोप दिलाय. तिचं नाव सांगायला सांगितलंय. कावीरा."

"कावेरी?"

"न्हाई. कावीरा."

आबांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. दोनदा 'कावेरी' आलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं, मग ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्यानंतरचे दिवस जड गेले. आबा अंथरुणाला खिळले नाहीत, पण आठवडाभर त्यांनी रतीब घातला नाही. अनुजाच किटल्या घेऊन गल्लीतून फिरली. बाळाबाई लेकीवर धुमसत होत्या. एवढी शिकलीस आणि कुणाला काय सांगावं ते कळलं नाही, असं त्या भांडी घासताना म्हणाल्या. आपण बरोबर केलं असं तिला एकाही दिवशी छातीठोकपणे वाटलं नाही. एवढंच तिला दिसत होतं, की आबा आता तिच्याशी बोलतात. काँगोचं बोलतात. तळावरच्या स्वयंपाक्याचं, सरोवरावरच्या धुक्याचं, ती पोरं कुठलं गाणं म्हणत त्याचं. अठरा वर्षांत न निघालेलं सगळं.

पितृपंधरवड्यात, सर्वपित्री अमावस्येला, रेडेकरांच्या घरी पानं वाढली गेली. आबांच्या आई-वडिलांचं, चुलत्याचं. बाळाबाईंनी कुणाला न विचारता शेवटाला आणखी एक छोटं पान मांडलं, त्यावर खीर-वडे वाढले आणि आबांकडं वळल्या.

"नाव घ्या तिचं. मला म्हणाय येत न्हाई."

आबांनी पाणी सोडलं आणि नाव घेतलं.

रजा संपत आली तेव्हा नव्या बदलीसाठी तीन पसंतीची ठिकाणं कळवायचं पत्र आलं. अनुजा कागद घेऊन सोप्यात बसली. नोकरीत लागल्यापासून प्रत्येक कागदावर तिला एकच जागा हवी असायची. आता कुठलीच नव्हती. आबा येऊन समोर बसले. त्यांनी तो कागद बघितला, काय आहे ते विचारलं आणि मग, नाव घेतल्यापासून जसं सरळ बोलू लागले होते, तसंच बोलले.

"माझ्यापायी गेलतीस तू. म्या अडवलं न्हाई, ती माझी चूक. आता ते काम झालं. सोडायची असंल नोकरी तर सोड. आयुर्वेदाला अजूनबी घेत्यात का बघू. न्हाईतर लगीन कर. आता माझ्यासाठी काय करू नगंस."

अनुजाला काश्मीरच्या वॉर्डातला एक जवान आठवला, ज्यानं गुडघ्याखालचा पाय गेल्यावर महिनाभर कुणाशी शब्द काढला नव्हता आणि मग एका सकाळी तिच्याकडं आरसा मागितला होता. त्या अडलेल्या बायका आठवल्या. सुभेदारांनी नऊ वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं कधी शोधलं नव्हतं. ते आपोआप कधी तयार झालं, तिला सांगता आलं नसतं.

"सोडत न्हाई, आबा," ती म्हणाली. "जमतंय मला ते. र्‍हातो मी."

आबांनी मान हलवली. तिनं पेन उचललं आणि पहिल्या ओळीवर पुणे लिहिलं, कारण ते घरापासून जवळ होतं.